सुरुवातीची अट

मंगळवारी सहा ते आठ, न्यूपोर्टच्या कॉलेजात,
तिसरा मजला, खोली चौदा.
खिडकीखाली अस्क नदी. ओहोटीला
तिचं सगळं पोट उघडं पडतं, नुसता चिखल,
आणि सातच्या सुमाराला पाणी
चोरपावलांनी उलटं चढू लागतं.

आमचे मास्तर गेथिन प्रिचर्ड.
पहिल्याच दिवशी म्हणाले,
"इथे काही जळत नाही. बिनधास्त चुका."
मी चुकले.
एलईडीला रेझिस्टर न लावता
बारा व्होल्ट थेट दिले.
चाळीस अँपिअर प्याला तो
आणि पडद्यावर बसून राहिला,
ढेकरही न देता.

मी सवयीनं नाक वर केलं.
भोसरीत अकरा वर्षं
टीव्हीच्या बोर्डांना डाग दिलेत मी.
राळेचा धूर केसांत, ओढणीत, डब्यातल्या पोळीत.
कुठला कपॅसिटर जाणार ते वासावरून सांगायचे.
इथे डोळे ताणूनही कळेना,
तार तारेला जोडली आहे की नुसती वरून गेली.
जोडाच्या जागी एक ठिपका लागतो,
तिळाएवढा.
तो नसेल तर दोघी एकमेकींवरून जातात
ओळख नसल्यासारख्या.

दोन आठवडे लाल अक्षरांत एकच तक्रार:
ग्राउंड नाही.
शेजारची डेलिथ, दिवसा बस चालवते,
म्हणाली, "मला तर लग्नापासूनच नाही."
मी तीन आडव्या रेघांचं चिन्ह खाली चिकटवलं
आणि पुढे गेले.
प्रत्येक गोष्टीची कविता करायची नसते.

मग आला मल्टिव्हायब्रेटर.
समोरासमोर दोन ट्रान्झिस्टर,
एक लागला की दुसरा विझणार,
दुसरा लागला की पहिला.
इस्लामपुरात उरसातल्या पाळण्याचे दिवे
यावरच लुकलुकायचे. अण्णांच्या दुकानातून जायचं ते सर्किट,
आम्ही दोघी बहिणींनी जोडलेलं.
म्हणून मोठ्या तोऱ्यात रन दाबलं.

काही नाही.
तळाशी दोन सरळ रेघा, एकीवर एक.
ठिपके तपासले. ग्राउंड होतं.

प्रिचर्ड खुर्ची ओढून बसले.
"चूक एवढीच की चूक नाही.
खरे दोन ट्रान्झिस्टर कधी सारखे नसतात,
एखादा केसभर उतावळा असतो, तो आधी सुटतो.
हे दोघे तंतोतंत सारखे.
दार उघडून उभे, आधी तू, आधी तू,
वीज जाईपर्यंत उभे राहतील."
"मग?"
"एक ओळ लिहायची. सुरुवातीची अट."
अट म्हटल्यावर मी सावरून बसले.
पण ही अट उलटीच निघाली:
दोघांपैकी एकानं
शून्यावर उभं राहायचं. क्षणभर.
"कोणी?"
"कोणीही. पुढे काही फरक पडत नाही."

लिहिलं. रेघा फाकल्या
आणि चौकोनी दात विचकत
पडदाभर पळत सुटल्या.
डेलिथनं टाळी वाजवली.

कुमुदशी मी आठ महिने बोललेले नाही.
अण्णांचा एव्हो मीटर, चामडी पट्ट्याचा,
तिनं भंगारात दिला, तीनशे रुपयांना,
मला न विचारता.
ती म्हणते, तू तरी कधी विचारलंस
तो कुठे आहे म्हणून?
तिचं बरोबर आहे. माझंही. अगदी तेवढंच.

आठ वाजले. बाहेर नदी काठोकाठ.
तिकडे रात्रीचा दीड.
बसथांब्यावर लिहिलं,
माफी वगैरे नाही, एवढंच:
"पाळण्याच्या सर्किटला अण्णा
सत्तेचाळीस के लावायचे ना?"

बस पुलावर चढते तोवर उत्तर:
"अडुसष्ट.
तुला काही म्हणजे काही आठवत नाही."

अडुसष्ट.
तरीच ते दिवे
एवढे सावकाश लागायचे.