पंप वरच्या अंगाला

तिसऱ्यांदा दिवाळं निघालं माझ्या शहराचं.
सहापदरी रस्ता आधी, माणसं नंतर,
विमानतळ तर कुणी मागितलाही नव्हता.
तिजोरीचा आकडा लाल झाला
आणि एकेका छपरावर काळी खूण उमटत गेली:
सोडून गेले, सोडून गेले.

मागच्या खुर्चीवर अण्णा.
आदगोंडा मगदूम, व्हॉल्व्हमन, माळबंगला,
चौतीस वर्षं नोकरी,
निरोपाला मिळालेलं घड्याळ दहा मिनिटं मागं.
माउसला हात लावला नाही त्यांनी कधी.
भडंगातले शेंगदाणे वेचत म्हणाले,
"त्रिशला, एवढा लांब रस्ता कुणासाठी गं?
चार घरं बसव. त्यांचा कर येऊ दे.
मग पाचवं."

चौथं शहर. खेळानं नाव विचारलं,
मी नुसतं 'सांगली ४' लिहिलं.
चार घरं, एक किराणा, एक पवनचक्की.
कर नऊ टक्के.
दहा केला की चेहरे पडतात,
आठ केला की शाळेचे दिवे जातात.
कारखाने वारा जातो त्या टोकाला,
कुपवाडसारखे, पण कुपवाडपेक्षा लांब.
वेळ तिप्पट पळवायची हौस
बोटातच दाबून धरली.
माणसं यायला लागली.

मग आजारी पडायला लागली.
दवाखाना बांधला. दुसरा बांधला.
तिसऱ्यासाठी कर्ज काढणार
तर अण्णांनी खुर्ची पुढं ओढली.
"नदी कुठनं कुठं वाहतीया?"

मी पाहिलंच नव्हतं.
निळ्या पाण्यात नखाएवढे बाण होते,
तीन रात्री मी त्यांच्यावरून पूल टाकत होते.
गटाराचं तोंड वर, पंप खाली.
"दवाखाने कसले बांधतीयास?
पंप वरच्या अंगाला न्हे."
नेला.
चहा निवायच्या आत सगळी बरी झाली.
अण्णांनी आणखी एक शेंगदाणा उचलला.

साठ हजारांवर वस्ती गेली
तेव्हा जागा उरली ती काठाचीच.
सपाट, स्वस्त, रस्त्याला लागून.
माझा हात तिकडं गेला.
"ती सोड."
"अण्णा, रिकामीच आहे."
"रिकामी न्हाई. नदीची हाय.
आज न्हाई, पण येती ती."

मी गवत ठेवलं. तीन झाडं लावली. एक बाक.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग त्यांनी विचारलं,
"आपलं घर ह्यात कुठं येतंय?"

मी माउस हलवला नाही.
स्टॅम्पपेपरवर घेतलेला दीड गुंठा,
मधल्या खोलीत सात फुटांवर चिखलाची रेघ,
दोनदा रंग देऊनही वर येणारी.
त्या गवतात, अण्णा.
बाकाच्या जरा डावीकडं.
हे मी बोलले नाही. त्यांनी ऐकलं.

"आणि हे पिवळं यंत्र?"
"बुलडोझर."
"पाडायच्या आधी विचारतंय?"
"नाही."
"पैसे देतंय?"
"थोडे परत येतात."
"कुणाला?"
"मला."

उठताना एकच शंका राहिली होती त्यांची:
इथं व्हॉल्व्ह कोण फिरवतं?
मी म्हटलं, कुणी नाही,
पाइप जोडला की झालं. चोवीस तास.
"चोवीस तास!"
असे हसले की ठसका लागला,
पाणी द्यावं लागलं.
मग आत जाता जाता, माझ्याकडं न बघता,
"म्हंजे भांडायला कुणाच्या दारात जात्यात लोकं?"

पहाटे चारला त्यांना जाग आली, रोजच्यासारखी.
दाराआडची कंबरेएवढी लोखंडी चावी,
परत करायची राहिलेली,
जागेवर आहे का चाचपली त्यांनी, अंधारातच.
खेळ मी बंद केला नव्हता.
सांगली ४ मध्ये रात्रभर सगळ्यांना पाणी.

आमच्या नळाला सव्वापाचला आलं.