टिंब

पेटंट मिळालं, लॅमिनेट झालं,
वेंगुर्ल्यात पेढे वाटून झाले.
मग जसिंता लोबो, जिचे हात
तीस वर्षं काजूच्या चिकाने काळे,
चष्मा पुसून म्हणाली,
पात्यांमधली फट अठरा मिलिमीटर?
ह्येच्यातसून आख्खो कुर्लो जायत, भावजी.

एक पूर्णांक आठ होतं. टिंब गळलं
टायपिंगमध्ये, की माझ्याच डुलकीत.

अर्ज भरला, फी भरली.
चूक लेखनातली, शोधातली नव्हे,
हे शपथेवर लिहिलं.
एका टिंबासाठी चार पानं.

आठ महिन्यांनी टिंब परत आलं
शिक्क्यासकट.
त्याच दुपारी जसिंताने
पात्यांमध्ये गेज सरकवला.
दोन पूर्णांक एक, म्हणाली.
झिजली हत.

कागद बरोबर होता.
मी पाना शोधू लागलो.