ऑफिस टाइम

उचगावात घर बांधलं तेव्हा
मागं साडेचार हात जागा उरली.
माती नव्हतीच तिथं. कातळ होता,
थोडा मुरूम, आणि दिवसभर उन्हाचा सरळ मार.
मोगरा लावला, गेला.
जास्वंद दोन उन्हाळे झुरली.
मग सोडूनच दिलं.

मागल्या दिवाळीला दस्तगीर शिकलगार आला,
सायकलच्या हँडलला पिशवी,
पिशवीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या.
"ऑफिस टाइम हाय, साहेब," म्हणाला,
"तुमच्या दाराला शोभंल."
हसला की नाही, कळलं नाही.

शिरोलीच्या फौंड्रीत एकतीस वर्षं
मी टाइमकीपर होतो.
भोंगा आठला. आठ पाचपर्यंत माफी.
आठ सातला आलेल्या दस्तगीरचा
अर्धा रोज मी कापला होता
लाल शाईनं, अक्षर नीट काढून.
कारणाचा रकानाच नव्हता रजिस्टरात.

त्यानं भेगेत काड्या खोचल्या,
भोवती ओतली फौंड्रीतली टाकाऊ वाळू,
जळून जळून काळी झालेली,
जिच्यात आता साचा धरत नाही.
"पानी कमी. लाड केला की कुजतंय.
ऊन मातुर पोटभर लागतंय बघा."

वैशाखापर्यंत कातळभर पसरलं.
बोटभर उंची, मांसल बारीक पानं,
उभं राहायची हौसच नाही त्याला.
शेजारच्या पाटोळ्यांची लॉन तांबडी पडली,
हे हिरवंच.
दहाला पाच कमी असताना
पहिलं राणी रंगाचं उघडायचं,
मग पिवळं, मग गेटवर गर्दी व्हावी तशी सगळी.
मी खुर्ची टाकून बसायचो, मनगटावर नजर.
तीनच्या सुमाराला मिटून मोकळी.
ओव्हरटाइम नाही.

आषाढात आठ दिवस ऊन पडलं नाही.
दहा वाजले, अकरा वाजले,
एक फूल नाही.
खिशातलं पेन हातात आलं, खोटं कशाला सांगू.
मग छत्री धरून, गुडघे मोडून
खाली वाकलो, तेव्हा दिसलं.
कळ्या होत्या. टोकाटोकाला, टपोऱ्या,
आतला रंग फटीतून दिसेल इतक्या तयार.
सगळ्या येऊन थांबल्या होत्या.

संध्याकाळी शिकलगारला फोन लावला.
"त्या दिवशी उशीर का झाला होता रे तुला?"
"कवाच्या दिवशी?"
"अठ्ठ्याण्णव साल. बुधवार होता. सात मिनिटं."

पलीकडं पावसाचा पत्र्यावरचा आवाज,
कुणीतरी भांडी घासत होतं,
बराच वेळ तेवढंच.

मग म्हणाला,
"वाळूत पानी साचलं न्हाई न्हवं, साहेब?"
मी म्हणालो, "नाही."
आणि बॅटरी घेऊन बघायला गेलो.