ब्विरेची लाल वायर

मगेसाने मोटार खांद्यावरून उतरवली
तेव्हा तिच्या पात्यांतून अजून सरोवर गळत होतं.
"दोरी झिजली ओढून ओढून," तो म्हणाला,
"खोकतसुद्धा नाही."
उकेरेवेच्या किनाऱ्यावर चार दिवसांनी अमावास्या,
आणि दगा, ती बोटभर चंदेरी मासळी,
गडद अंधारातच दिव्याला भुलते.
महिन्यातला हा अंधार वाया घालवून चालत नाही.

झाकण उघडलं. आत सगळा ब्विरेच होता:
त्याच्या गाठी, त्याची वितळलेली चिकटपट्टी,
पुस्तक पांढरी सांगतं तिथे लाल वायर,
कुठल्याशा मेलेल्या रेडिओतली.
मिळेल तो रंग तो जोडायचा
आणि नकाशा डोक्यात ठेवायचा.
ते डोकं गेल्या वर्षी आम्ही पुरलं
कसाव्याच्या शेतापलीकडे.

प्लग काढला. ओला. पेट्रोलचा भपकारा.
म्हणजे खायला होतं, पेटायला नव्हतं.
प्लग इंजिनाला टेकवला,
मन्यामाला म्हटलं, गोणपाट धर, रात्र कर,
आणि दोरी ओढली.
त्या हातभर रात्रीत
काहीच उगवलं नाही.

कॉइल मोजली, ठीक.
फ्लायव्हीलचं चुंबक गंजलेलं, पण पाना असा धरला त्याने
की दोन्ही हातांनी सोडवावा लागला.
ऊन कलंडलं. मगेसा नव्या मोटारीचा भाव काढू लागला,
मग जुन्या बायकोचा.
त्याला चहा आणायला पिटाळलं.

चष्मा कपाळावर सरकवून
लाल वायर नुसती चाचपत गेले:
बटणापासून वळणावर, वळणावरून पट्टीखाली,
जिथे डोळा पोचत नाही तिथे,
लोखंडाच्या धारेपाशी
रबर संपलं होतं.
तांब्याचा एकच केस
इंजिनाच्या अंगाला लागलेला.

ही वायर मोटार चालवत नाही, थांबवते.
तिला अर्थ लागला की ठिणगी गप्प.
म्हणजे आठवडाभर
आतून कुणी तरी म्हणत होतं, थांब,
आणि हा बाहेरून दोरी ओढत होता,
शिव्या देत, खांदा धरत.

आणि मी सकाळपासून शोधत होते
काय तुटलंय.

वायर सोडवली. गोणपाट. दोरी.
"निळी!" मन्यामा आतून किंचाळला,
जणू त्यानेच घातलं होतं ते अंडं.

पेटीत पांढरी वायर होती, नवी, दोन हात.
घातली नाही.
सायकलच्या ट्यूबची नळी कापून
लाल वायरीला बाही शिवली,
धार कानशीने मारली,
बटण पुन्हा जोडलं, दाबून पाहिलं: थांबते.
झाकणाच्या आत खिळ्याने कोरलं
'लाल म्हणजे थांब',
माझ्या नंतर हे झाकण उघडणाऱ्यासाठी.

मगेसा चहा घेऊन आला.
साखर विसरला होता.