आहे म्हण

राईस मिलच्या वजनकाट्याचा जुना डबा
डोमाजीच्या देखतच गेला.
व्होल्टेज चढलं, वास आला, बस.
आता त्याची डिस्क माझ्या मोबाइलला लटकली आहे
कुरखेड्याच्या बाजारातल्या वायरीनं.

मोबाइलचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा,
त्याला डब्याची भाषा येत नाही.
म्हणून मध्ये दुभाषा बसवलाय.
एकेक आज्ञा ऐकतो, थांबतो, उलगडून सांगतो,
दवाखान्यात डॉक्टरचं मराठी
मावशी काकाला गोंडीत सांगायची
तितक्याच सावकाश,
एका शब्दाला दहा शब्द.

जुनी सिस्टिम जागी होऊन विचारते,
फ्लॉपी आहे?
आहे म्हण.
प्रिंटर?
आहे म्हण.
तिला वाटतं, आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.
वाटू दे.

मोबाइल तव्यासारखा तापला.
डोमाजीनं माठाचं ओलं फडकं पिळून खाली घातलं.
"वायरीले पानी नोको लागू देजो."

अकरा मिनिटांनी निळा पडदा.
मला पाठ फिरवायला लावून
डोमाजी दोन बोटांनी पासवर्ड टाकतो.
नोंदी उतरतात, ओळीमागून ओळ,
रोवण्याच्या बाया मागं मागं सरकाव्यात तशा.
तुमरू हलामी, अडतीस पोती, धान ओलं.
"हा त मेला ना बे. कईचाच."

प्रोग्रामला कोण सांगणार?
रकाना लुकलुकतो:
पुढची गाडी आहे?

आवारात एक कुत्रं, आणि काट्यावर वाळत घातलेली ताडपत्री.
डोमाजी माझ्याकडं बघतसुद्धा नाही.
होय दाबतो.