पिवळा दिवा

चोपड्याहून केळी भरून निघालो
की धरणगाव यायच्या आधीच पेटतो:
घोड्याच्या नालेत अडकलेलं
उद्गारचिन्ह.

फाट्यावर सायबू तडवी
पान्याने चारी टायर ठोकतो,
कलिंगड पारखावं तसा कान देतो.
"हवा बराबर शे. तुनी गाडीच भेकड."

सेन्सर बदलायचे तर जळगाव, चार हजार.
मी दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली.

रात्रभर पट्टीच्या कडेने
उजेड झिरपत राहिला,
आणि मी पारोळ्यापर्यंत
सहा वेळा उतरलो.
चारी चाकांना हात लावला.
ऊन होती. घट्ट होती.

सातव्यांदा उतरलो
ते कडेचा उजेड अचानक गेला म्हणून.

मागचं डावं
पार रिमवर बसलेलं.