खरेदी किंमत

बावीस वर्षं मी विमा विकला,
विश्रामबागेपासून माधवनगरपर्यंत, स्कूटीवर.
माणसांचा विकला, ट्रॅक्टरचा विकला,
कवलापूरच्या जर्सी गाईंचा विकला.
गाईच्या कानात बिल्ला ठोकायचा, फोटो काढायचा.
बिल्ला हरवला तर गाय मेलीच नाही
असा नियम आहे.
तो मी समजावून सांगायचे, त्यांच्याच घरचा चहा पीत.

आज खारी टेबलावर आडवी आहे.
स्टीलचं टेबल, गार.
डॉक्टर शिरगुप्पे तिच्या भादरलेल्या पोटावरून मशीन फिरवतात
आणि पडद्यावर जे काळं-करडं हलतं
त्याला गर्भाशयातला पू म्हणतात.
मला ते पाणी वाटतं,
ऑगस्टातलं, पायरी पायरी वर चढणारं.

रक्त तपासणी. सोनोग्राफी. भूल. ऑपरेशन.
सलाईन, तीन रात्री,
गळ्यातली ती प्लॅस्टिकची कॉलर वेगळी.
एकवीस हजार चारशे,
'अंदाजे' म्हणतात डॉक्टर.
मला हा शब्द चांगला ओळखीचा आहे.
बोनसचे आकडे सांगताना
मीही तो असाच शेवटी, हळू आवाजात ठेवायचे.

सरकारी दवाखान्यात जाऊन आले आधी.
तिथले साहेब म्हशींच्या लसीकरणाला गेलेले,
शिपाई म्हणाला, ताई, इथल्या सुया हिच्या पायाएवढ्या.
आणि हसला, वाईट नाही, उगाच.

फोनवर वहिनी: एवढ्यात एक शेळी येते गं, दूध तरी देते.
मी म्हटलं, हो.
दुसरं काय म्हणणार.

डॉक्टरांचं वय माझ्या पुतण्याएवढं.
काकू, या मशीनचा हप्ता अजून चार वर्षं आहे,
औषधं दर महिन्याला नव्या भावानं येतात,
मी तरी कुठून कमी करू.
मशीनचा विमा मीच काढून दिला होता त्यांना.
त्याचं कमिशन घेतलं होतं,
त्यातून खारीचा पट्टा आणला होता, लाल.

भिशीचा नंबर मगदूमवहिनींशी बदलून घेतला.
डिसेंबरचा त्यांना, आत्ताचा मला.
कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.
त्यांच्याकडे मांजर आहे.

रात्री घर फार मोठं वाटलं.
कुणी दारातल्या टेम्पोवर भुंकलं नाही.
लॅपटॉप उघडला, प्राण्यांच्या विम्याचा फॉर्म काढला.
आधीचा आजार चालत नाही, माहीत आहे.
हे पुढच्या वेळेसाठी.
पुढची वेळ असते, हेच तर विकत आले मी.

जात: यादीत गावठी नाही. 'इतर'.
जन्मतारीख: पूर आला तेव्हा डोळे उघडलेले होते,
एवढंच ठाऊक.
सात वर्षांवर नवी पॉलिसी नाही.
लोकांची वयं दोन-दोन वर्षांनी घटवलेली
मी खाडाखोडीवरून पकडली आहेत,
फॉर्म परत पाठवले आहेत.
माझा हात थांबला.
मग थांबला नाही.

पुढे: खरेदी किंमत.
यावरच ठरणार ती केवढ्याची.
शून्य लिहिलं तर विमा शून्याचा.

शाळेच्या त्या वर्गात आम्ही चाळीस जण होतो,
बाकावर बाक, वर गाद्या,
बाहेर होडीवाल्यांच्या हाका.
ही पायापाशी आली, लेंड्याएवढी, थरथरत.
मदतीच्या पुड्यातल्या दोन खाऱ्या होत्या माझ्याकडे,
भिजून लगदा झालेल्या.
एक तिला दिली.
मग दुसरीही.

'दोन खाऱ्या' टाइप केलं.
रकाना लाल झाला: फक्त आकडे भरा.

मी २ लिहिलं.
फॉर्म पुढे सरकला.

सकाळी डॉक्टरांचा फोन, सहा वाजून दहा मिनिटांनी.
उचलायच्या आधी
मी उगाचच चष्मा घातला.